कुवेतच्या शाळेतली माझी पोस्ट

मी अरबी शिकवतो असं सांगितलं की समोरचा माणूस माझं आडनाव पुन्हा एकदा विचारतो. आडनाव अस्सल कोकणातलं, घरी गौरी-गणपती आणि पोटापाण्याला अरबी, हे त्याला काही जुळत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कुठे शिकलात हो?" मग मी चष्मा काढून पुसायला घेतो आणि चष्म्याकडेच बघत सांगतो, "कुवेतला होतो अकरा वर्षं. एज्युकेशन लाइनला."

या वाक्यात खोटं काही नाही. कोर्टातसुद्धा टिकेल. मी कुवेतला होतो, अकरा वर्षं होतो आणि शाळेतच होतो. फक्त शाळेत मी शिपाई होतो. तिकडे त्याला फर्राश म्हणतात. सकाळी दारं उघडायची, वर्ग झाडायचे, हजेरीची बुकं या मजल्यावरून त्या मजल्यावर न्यायची, शिक्षकांना चहा द्यायचा आणि उरलेला वेळ व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचं. माझी खुर्ची पहिलीच्या वर्गाबाहेर होती. आत इजिप्तचे एक जाडजूड मास्तर मुलांकडून अक्षरं घोकून घ्यायचे आणि बाहेर मी ओठ हलवायचो. वर्ष संपलं की मुलं दुसरीत जायची, मी तिथेच. नवी मुलं, तोच धडा. अकरा वर्षं पहिलीत काढलेला दुसरा माणूस मला अजून भेटायचाय. पण पाया पक्का झाला हे कबूल करायला हवं. पुढे मास्तरांनीच मला वरच्या इयत्तांची जुनी पुस्तकं दिली, डबा खाता खाता माझी वही तपासली, आणि एक दिवस म्हणाले की तुझं अक्षर माझ्या मुलापेक्षा बरं आहे.

हे सगळं मी लोकांना रंगवून सांगावं अशी गोष्ट. पण बोरिवलीला परत आल्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "तिकडे काय करत होता?" मी म्हटलं, "शाळेत होतो." ते म्हणाले, "ॲडमिनला?" मी नाही म्हणालो नाही. बस. तिथून सुरुवात. पुढे अरबीचा वर्ग काढला तेव्हा हँडबिलावर 'कुवेतमधील शैक्षणिक क्षेत्राचा प्रदीर्घ अनुभव' असं छापून घेतलं. 'प्रदीर्घ' छापखान्यातल्या माणसाने सुचवलं होतं. मी म्हटलं, घाला.

वर्ग मरोळला, औद्योगिक वसाहतीच्या मागे, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. दर रविवारी सकाळी. शिकायला येणारे सगळे आखातात नोकरीला निघालेले. कुणाला अरबीत कविता करायची नसते; पेशंटला 'कुठे दुखतंय' विचारता यावं, गॅरेजच्या मालकाला 'पार्ट मिळत नाही' सांगता यावं, एवढंच. त्या वर्षीच्या वर्गात एक नर्स होती, बोरिवलीचीच, तिखट पोरगी. मुलुंडचा एक एसी मेकॅनिक होता, प्रत्येक शब्द झाला की "झकास!" म्हणणारा. आणि एक गृहस्थ होते, पंचेचाळिशीचे, घाटकोपरच्या एका मराठी शाळेत बावीस वर्षं शिपाई. पोरं कमी होत होत शाळा बंद पडली आणि हे घरी बसले. शाळेत सगळी मुलं त्यांना मामा म्हणायची, म्हणून वर्गातही ते मामाच झाले. "सर, सवय जात नाही बघा," ते सांगायचे, "घरी बसलो तरी पस्तीस मिनिटं झाली की हात घंटेकडे जातो. घंटा कुठे? समोर बायकोचा कुकर."

मामांना एका एजंटकडून कुवेतच्या एका शाळेत फर्राशची जागा आली होती. बुधवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

त्याच्या आदल्या रविवारी धडा नेमका 'आपल्याला मदत करणारी माणसं' हा आला. पुस्तक कुवेतच्या पोरांचंच, मी येताना आणलेलं. डॉक्टर, आगीच्या बंबावरचा माणूस, पोस्टमन, कचरा नेणारा, आणि शेवटच्या चित्रात शाळेचा फर्राश, हातात किल्ल्यांचा जुडगा. शब्द पाठ करून झाले आणि मला बोलण्याचा झटका आला. मी अर्धा तास बोललो. कुठलंही काम हलकं नसतं, प्रत्येक माणसाला मान द्यायला शिका, तिकडे जाऊन आपल्या हाताखालच्या माणसाशी नीट वागा. काय बोललो विचारू नका. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, माझ्या मात्र यायच्या बेतात होतं.

मग म्हटलं, आता नाटुकलं करू या. नर्सने नर्स व्हावं, मेकॅनिकने बंबवाला व्हावं. "मामा, तुम्ही फर्राश. तुम्हाला काय, सरावच आहे!" वर्ग हसला. मामाही हसले. मी झालो मुख्याध्यापक. खुर्चीत रेलून पायावर पाय टाकला, चुटकी वाजवली आणि ओरडलो, "या फर्राश! शाय!" म्हणजे, ए शिपाया, चहा!

मामांनी चहा आणला. ट्रे नव्हता, कप नव्हता, पण त्या माणसाने रिकामे हात असे धरले होते की बशीत कप हलताना दिसला असता. मी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, "साखर जास्त. घेऊन जा." मामा परत गेले, परत आले. "आता गार झाला." परत गेले. मेकॅनिक बाक बडवत होता, "झकास, सर! ॲक्टिंग एक नंबर!" मी आणखी चढलो. तिसऱ्या खेपेला मामांकडे न बघताच हात हलवून त्यांना बाजूला केलं.

ही ॲक्टिंग मी कुणाकडून उचलली होती ते मला पक्कं माहीत होतं. आमच्या शाळेच्या ऑफिसात एक कारकून होता, तो चुटकी वाजवून अशीच थेरं करायचा. कुवेतचा नव्हता तो, आपल्याच देशातला होता. त्याची चुटकी ऐकली की माझ्या कानाच्या पाळ्या तापायच्या. आणि इतक्या वर्षांनी तीच चुटकी मरोळच्या खोलीत माझ्या बोटांतून निघाली. खरं सांगायचं तर मजा आली. ते सांगायलाच सगळ्यात जड जातंय.

वर्ग सुटला. नर्स आणि मेकॅनिक वह्या आवरत होते. मामा माझ्या टेबलाशी आले, आवाज खाली करून म्हणाले, "सर, एक विचारू? तुम्ही शाळेतच होतात ना तिकडे. फर्राशला कसं वागवतात हो? बाकी सगळं मी बघून घेईन. ऊन म्हणा, घरच्यांपासून लांब राहणं म्हणा. मला एवढंच कळायला हवं. त्यावर माझं हो-नाही आहे."

अख्ख्या मुंबईत या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारी माणसं असून असून किती असतील? त्यातला एक त्यांच्यासमोर उभा होता, अकरा वर्षांचा मुरलेला. पण नर्सने वही बंद करता करता मान वर केली होती. मेकॅनिकही थांबला होता. मी चष्मा काढला.

"अहो मामा, माझा त्या लोकांशी फारसा संबंध यायचा नाही," मी म्हटलं. "आम्ही आपले वर ऑफिसात. ते लोक खाली जिन्याशी बसायचे."

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला वाटतं, अजून थोडं घातलं की घट्ट होईल. साहेब माणूस शिपायांबद्दल जसं बोलेल तसं बोलायला हवं, असं मला वाटलं. म्हणून मी पुढे म्हणालो, "पण खरं सांगू का, त्यांना कुत्रंसुद्धा विचारत नाही तिकडे. तुमच्या वयात कशाला?"

"असं आहे होय," मामा म्हणाले. "बरं झालं विचारलं. थँक्यू, सर."

मी आरेतून जाणाऱ्या बसने घरी निघालो. खिडकीतून झाडी बघत होतो आणि नाटुकल्यातलं आपलं काम आठवून मनात हसत होतो. लाज वगैरे काही नाही. लाज वाटायला मला बायको लागली.

जेवताना मी तिला सगळं रंगवून सांगितलं. साखर जास्त, चहा गार, हशा. मामांच्या प्रश्नापर्यंत आलो आणि तिने हातातला डाव आमटीत तसाच ठेवला.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

सांगितलं.

"कुत्रं विचारत नाही?" ती म्हणाली. "मग ती पोरं रोज सकाळी हात मिळवायला रांग लावायची ती कोणाशी? ते मास्तर वर्गात बोलावून घेऊन गेले होते ते कोणाला? मला फोनवर रडत रडत सांगितलं होतंत."

"अगं, ते दोघं तिथे उभे होते..."

"अकरा वर्षं मी इथे लोकांना सांगत आले, शाळेत आहेत. मी खोटं नाही बोलले. तुम्ही त्याच्यावर मजले चढवलेत, ॲडमिनचे. आता राहा वर."

तिने काढलेली गोष्ट सांगायलाच हवी. पाचव्या की सहाव्या वर्षी हाच धडा चालू असताना मास्तरांनी दार उघडून मला आत बोलावलं. मी किल्ल्या सावरत उभा राहिलो. मास्तर मुलांना म्हणाले, पुस्तकातलं चित्र बाजूला ठेवा, हा आपला माणूस, याने तुमच्यासाठी काय केलं ते एकेकाने सांगा. एक म्हणाला, माझी पाण्याची बाटली शोधून दिली. एक म्हणाला, मी पडलो तेव्हा गुडघा धुतला. एक म्हणाला, बाबांना उशीर झाला तेव्हा माझ्याजवळ बसला. मग एका टिल्लूने मला विचारलं, "तू कितवीत आहेस?" मी अरबीत सांगितलं, "तुमच्याच वर्गात. फक्त बाहेर बसतो." तो वर्ग असा हसला, असा टाळ्या वाजवायला लागला की शेजारच्या वर्गातले शिक्षक बघायला आले. माझ्या आयुष्यात मला एवढ्या टाळ्या कधी पडल्या नाहीत. आणि हाच दिवस मी लपवून ठेवला होता, का तर तो सांगायचा म्हणजे किल्ल्यांचा जुडगाही सांगायला लागणार.

बायको त्या रविवारी जेवतानाच म्हणाली होती, मामांना आत्ता फोन लावा. मी म्हटलं, रविवारी सांगतो, फोनवर बरं दिसत नाही. बुधवार मध्ये येतो हे मला ठाऊक होतं. सोमवारी मी फोन हातात घेतला आणि वाणसामानाची यादी पाठवली. मंगळवारी मामांचा नंबर काढला आणि त्यांचा फोटो बघत बसलो. शाळेच्या दारात पोरांच्या गराड्यात उभे होते. बुधवार गेला.

रविवारी मामा आले नाहीत.

"मामांनी नाही कळवलं एजंटला," नर्स म्हणाली. "मी फोन केला होता. म्हणाले, सरांनी सांगितलं ना, तिकडे काही खरं नाही." मग वही उघडत सहज बोलली, "सर, बरं झालं तुम्ही सांगितलंत. बिचारे गेले असते आणि फसले असते." तिने माझं कौतुकच केलं होतं. त्या दिवशी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

दुपारी घाटकोपरला गेलो. मामांची खोली टेकडीवर, पायऱ्या चढता चढता माझा श्वास फुलला. दारात त्यांची बायको होती. "येवा, येवा, बसा," म्हणाली. "तुमी सर ना? हे सांगीत होते, कुवेतच्या शाळेत मोठ्या जाग्यार होते म्हणान." मला त्याच पायऱ्यांनी परत उतरावंसं वाटलं.

मामा खाटेवर बसून निळ्या शर्टाला बटण लावत होते. शर्टाच्या खांद्यावर वॉचमनची पट्टी होती. मुलुंडच्या एका टॉवरला लागले होते, उद्यापासून.

"मामा, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," मी म्हटलं.

"कसलं?"

"शाळेतलं. मी ऑफिसात नव्हतो. फर्राश होतो."

त्यांनी दोरा दाताने तोडला. "कोण?"

"मी."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मामा माझ्याकडे नवीन माणसाकडे बघावं तसं बघत राहिले, माझ्या हातांकडे, बुटांकडे. मग म्हणाले, "अकरा वर्षं?"

"अकरा."

"मग आता सांगा. कसं असतं?"

मी सांगितलं. जिने फार, पाय सुजतात, मऊ तळव्याचे बूट घ्यावे लागतात. ऑफिसातला एखादा चुटकीवाला भेटतोच. पण पोरं जीव लावतात. त्यांना नाव विचारलं की ती तुमचं विचारतात. मास्तर, पुस्तकं, टाळ्या, सगळं सांगितलं. मामांनी मध्ये एकदाच विचारलं, "बाटलीचं खरं?"

"खरं."

त्यांनी शर्टाची घडी घातली. "हे तुम्ही मला त्या दिवशी पाच मिनिटांत सांगितलं असतंत."

"मी एजंटशी बोलतो. काहीतरी..."

"मी केला होता फोन. शुक्रवारी. राहवेना, म्हटलं, परत विचारून बघू. गुरुवारीच दुसरा माणूस दिला त्याने. कणकवलीचा आहे कोणी." मग शर्ट उशाशी ठेवत म्हणाले, "तुमच्या बोलण्याने नव्हतं हो झालं. ते साखरेचं केलंत ना तुम्ही, त्याने झालं. मला वाटलं, सर तिकडचं बघून आलेत, तिकडे जसं असतं तसं करून दाखवतायत. बावीस वर्षं पोरं मामा मामा करत अंगावर चढली. आता या वयात चुटकीवर कुठे उठू, म्हटलं."

चहा आला. साखर भरपूर होती. मी सगळा प्यायलो.

"रागावलात, मामा?" मी विचारलं. काय पण प्रश्न!

"रागावून जागा मिळणार आहे का?" ते म्हणाले. "पण हे तुम्ही मला एकट्याला सांगून गेलात तर काय उपयोग? ते बोलताना ती दोघं उभी होती. ती पोरगी दोन महिन्यांत तिकडे जाणार. तिच्या हॉस्पिटलात असेलच कोणी झाडणारा, चहा देणारा. तिच्या डोक्यात काय बसलंय? ह्यांना कुत्रं विचारत नाही. सरांनी सांगितलंय. तिला सांगा."

पुढच्या रविवारी मी वर्गात गेलो. घरून तीन वाक्यं तयार करून नेली होती, साधी, स्वच्छ. टेबलाशी उभा राहिलो आणि तोंडातून मराठी निघेचना. मग मी आयुष्यभर जे केलं तेच केलं, आडवाट धरली. अरबीत म्हटलं, "कुन्तु फर्राशन्." मी फर्राश होतो.

सगळा वर्ग एका सुरात, खणखणीत आवाजात म्हणाला, "कुन्तु फर्राशन्!"

त्यांना वाटलं, आज भूतकाळ शिकवतायत. मेकॅनिक म्हणाला, "झकास! सर, अजून एकदा." आणि पुन्हा एकदा सगळे शिपाई झाले. खालून झेरॉक्सवाला ओरडला, जरा हळू.

"नाही, नाही," मी म्हटलं. "लिहून घेऊ नका. हे माझं आहे. मी खरंच होतो. शाळेत शिपाई होतो मी, ऑफिसात कधीच नव्हतो. मामांना जे सांगितलं ते खोटं होतं. त्यामुळे त्यांची जागा गेली."

मेकॅनिक हसायला लागला आणि अर्ध्यात थांबला. नर्स माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत काय होतं ते मी सांगत नाही, कारण मी पुरतं बघितलंच नाही, फळ्याकडे वळलो.

"मग सर," तिने मागून विचारलं, "ते नाटुकलं? चहाचं?"

"ते माझ्याशी कुणीतरी केलं होतं."

"आणि तुम्ही मामांशी केलंत."

"हो."

तिने मान हलवली आणि वही बंद केली. त्या दिवशी ती लवकर गेली. दोन रविवार आली नाही. नंतर आली, पण 'सर' म्हणायच्या आधी जरा थांबायला लागली. ते थांबणं मला ऐकू येतं.

त्या रविवारी वर्ग सुटल्यावर मी खोलीतूनच मामांना फोन लावला होता. बऱ्याच रिंग झाल्या.

"सांगितलं, मामा. सगळ्यांसमोर."

"पोरीला?"

"पोरीलाही."

"बरं," ते म्हणाले. पलीकडे एका गाडीचा हॉर्न वाजला, मग पुन्हा, लांबलचक. गाडीतून कुणीतरी ओरडल्याचंही ऐकू आलं, शब्द कळले नाहीत. "आलो, साहेब, आलो!" मामा त्या दिशेला म्हणाले आणि मग मला, "गेट उघडायचंय, सर. ठेवतो."